‘सौम्य’ सिगारेट आणि ओढणाऱ्यांची साक्ष



व्यसनाविषयी भाषण म्हटले की वक्त्याने उपदेश करावा आणि श्रोत्यांनी तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यावा, अशी आपल्याकडे फार जुनी वहिवाट आहे. आज उपदेशाच्या वाटेला मी जाणार नाही. मला केवळ एका शब्दाचा इतिहास सांगावयाचा आहे. सिगारेटच्या पाकिटावर जो ‘लाइट’ हा शब्द छापलेला असे, तो हा शब्द; आपण त्याला ‘सौम्य’ किंवा ‘हलकी’ म्हणू. सुमारे चाळीस वर्षे या शब्दाने अमेरिकेच्या बाजारपेठेत राज्य केले. सिगारेट सोडावी असे ज्यांच्या मनात येऊ लागले होते, अशा लक्षावधी स्त्रीपुरुषांनी त्याचा आश्रय घेतला. हा आश्रय कितपत खरा, हे ठरविण्याचे काम प्रथम एका यंत्राकडे सोपविण्यात आले. प्रत्यक्ष ओढणाऱ्या माणसांना ते पुष्कळ उशिराने विचारण्यात आले. त्या विलंबाची ही हकीकत आहे.

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सिगारेट ही सभ्य गृहस्थाच्या हाती शोभणारी वस्तू समजली जाई. १९४६ साली ‘कॅमल’ सिगारेटच्या जाहिरातींत चक्क डॉक्टरांची चित्रे झळकू लागली, आणि इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा डॉक्टर लोक हीच अधिक ओढतात असा डांगोरा पिटण्यात आला. पुढे चारच वर्षांनी, १९५० साली, या थाटाला पहिला मोठा तडा गेला. अमेरिकेत सेंट लुई येथील प्रख्यात शस्त्रवैद्य एव्हार्ट्‌स ग्रॅहॅम आणि त्यांचा तरुण विद्यार्थी अर्न्स्ट विंडर यांनी, आणि इंग्लंडात रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना त्यांच्या धूम्रपानाविषयी प्रश्न विचारून आपापले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवीत होते. डॉल यांनी या कामाच्या ओघातच स्वतःची सिगारेट सोडली. ग्रॅहॅम यांची कथा मात्र हृदयद्रावक आहे. कर्करोगग्रस्त फुप्फुस संपूर्ण काढून रोग्यास वाचविण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया याच गृहस्थांनी १९३३ साली केली होती. ते स्वतः मोठे धूम्रपानी होते. पुरावा हाती येताच त्यांनीही सिगारेट सोडली. परंतु फार उशीर झाला होता. १९५७ साली फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचा अंत झाला.

डॉल आणि हिल एवढ्यावर थांबले नाहीत. १९५१ च्या ऑक्टोबरात त्यांनी ब्रिटनमधील झाडून साऱ्या डॉक्टरांना, म्हणजे सुमारे ६० हजार लोकांना, टपालाने एक छोटीशी प्रश्नावली धाडली. आपण सध्या धूम्रपान करता काय, पूर्वी करीत होता व सोडले काय, की कधी नियमितपणे केलेच नाही, असे तिचे साधे स्वरूप होते. ४० हजारांहून अधिक डॉक्टरांनी उत्तरे पाठविली. व्यग्र डॉक्टरांकडून इतकी पत्रोत्तरे यावीत, हेच मला या उपक्रमातील पहिले नवल वाटते! त्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढे ५० वर्षे घेण्यात आला. त्याचा शेवटचा वृत्तांत २००४ साली निघाला. जन्मभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षांनी कमी भरले. परंतु ज्याने तिशीत सोडली त्याची बहुतेक सारी १० वर्षे वाचली. चाळिशीत सोडणाऱ्याची ९, पन्नाशीत सोडणाऱ्याची ६, आणि साठीत सोडणाऱ्याचीही ३. वृद्धपणी आता सोडून काय उपयोग, असे म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांनी शेवटचा आकडा ध्यानात घेण्याजोगा आहे.

या साऱ्या हिशेबात लाभ पडला तो ‘सोडली’ असे लिहिणाऱ्यांच्या पदरात. ‘सोडली नाही, पण हलकी घेतली’ असा नवा रकाना त्या प्रश्नावलीत नव्हता. तो अमेरिकेच्या बाजाराने निर्माण केला.

तेथे १९५५ साली सरकारच्या जनगणना खात्याने आपल्या नित्याच्या पाहणीत तंबाखूविषयी प्रथमच प्रश्न घातले, तेव्हा निम्म्याहून अधिक पुरुष सिगारेट ओढीत होते. गिऱ्हाईक एवढे मोठे, आणि त्याच्या मनात भीतीचा प्रवेश झालेला. डिसेंबर १९५३ मध्ये प्रमुख कंपन्यांचे अध्यक्ष न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र जमले. ४ जानेवारी १९५४ रोजी देशातील चारशेंहून अधिक वृत्तपत्रांत त्यांचे संयुक्त निवेदन झळकले. लोकांचे आरोग्य हीच आमची पहिली जबाबदारी, आमचा माल आरोग्यास अपायकारक नाही असा आमचा विश्वास आहे, आणि तरीही आम्ही संशोधनास साह्य करू, असा त्याचा मथितार्थ होता.

निवेदनाने भीती थोडीच जाते? तिच्यासाठी हाताला लागेल, डोळ्यांना दिसेल अशी वस्तू हवी होती. ती वस्तू म्हणजे फिल्टर. १९५० च्या सुमारास फिल्टरची सिगारेट क्वचितच कोणी ओढीत असे; दहा वर्षांत जवळजवळ निम्मा बाजार तिने काबीज केला. या घाईत कसकसले प्रकार घडले याचा एकच मासला देतो. १९५२ साली ‘केंट’ नावाची सिगारेट मोठ्या गाजावाजाने निघाली. तिच्या फिल्टरात आरोग्यरक्षणाची अपूर्व करामत असल्याचे सांगण्यात येई. ही करामत म्हणजे निळ्या जातीचे ॲस्बेस्टॉस होते! ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी स्वतःच कर्करोग होतो, हे आज सर्वमान्य आहे. १९५६ पर्यंत हा फिल्टर चालू होता. शेतात रान डुकरे येतात म्हणून राखणीला वाघ बांधावा, तशातला हा प्रकार.

आता त्या यंत्राकडे वळतो. सिगारेटच्या धुरात एक काळा, चिकट अंश असतो. त्याला टार म्हणतात, आपण डांबर म्हणू. कोणत्या सिगारेटमधून किती डांबर व किती निकोटीन निघते हे मोजण्याची एक रीत ‘अमेरिकन टोबॅको’ या कंपनीच्या रसायनज्ञांनी १९३६ सालीच प्रसिद्ध केली होती. दर मिनिटास एक झुरका, तो दोन सेकंदांचा, आणि त्यात ३५ घन सेंटिमीटर धूर, असे तिचे प्रमाण होते. सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने हेच प्रमाण स्वीकारले आणि १९६७ साली आपल्या प्रयोगशाळेत यंत्राकडून सिगारेटी ओढविण्यास आरंभ केला. कमिशनला न्याय देण्यासाठी हेही सांगितले पाहिजे की, कोणतीही दोन माणसे एकसारखी ओढीत नाहीत आणि एकच मनुष्यही नेहमी सारखी ओढीत नाही, अशी कबुली त्याने आरंभीच दिली होती. एका जातीची दुसरीशी तुलना करता यावी, एवढाच त्याचा हेतू. परंतु कबुली कागदोपत्री राहिली आणि आकडे जाहिरातींत गेले. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली असावी, तसे ते आकडे लोक वाचू लागले.

कारखानदारांनी यंत्राची नाडी अचूक ओळखली. फिल्टरच्या कडेने, डोळ्यांना सहसा दिसू नयेत अशी, बारीक छिद्रे पाडली की प्रत्येक झुरक्याबरोबर बाहेरची हवा आत शिरते; धूर पातळ होतो आणि यंत्रावरील आकडा खाली उतरतो. तंबाखूत फारसा बदल न करताही सिगारेट कागदावर ‘सौम्य’ होते. माणसाच्या हातात मात्र ती छिद्रे कधी ओठांखाली जातात, कधी बोटांखाली झाकली जातात. शिवाय शरीराला लागलेली असते निकोटीनची सवय. एका झुरक्यात ते कमी मिळाले, तर मनुष्य नकळत अधिक खोल ओढतो, अधिक वेळा ओढतो, थोटूक अधिक जाळतो. यंत्राला ओठ नाहीत, बोटे नाहीत, आणि मुख्य म्हणजे तलफ नाही.

हे घडत असता सरकारी प्रयोगशाळेचा शिक्का त्या आकड्यांच्या पाठीशी होता, आणि कित्येक प्रामाणिक डॉक्टरही आपल्या रोग्यांना सांगत की, सोडणे जमत नसेल तर निदान हलकी तरी घ्या. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु जाहिरात लिहिणाऱ्यांचा हेतू इतका निर्व्याज नव्हता. १९७० च्या दशकात ‘ट्रू’, म्हणजे ‘खरी’, या नावाच्या सिगारेटची एक जाहिरात येत असे. धूम्रपानाविषयी जे काही ऐकले त्यावरून मी ठरविले की एक तर सोडावी, नाही तर ‘ट्रू’ ओढावी. आणि मी ‘ट्रू’ ओढतो, असे एक विचारी चेहऱ्याचा मनुष्य तीत सांगे. सोडण्याच्या जागी ठेवावयाची वस्तू म्हणूनच ती विकली जात होती, याचे याहून उघड प्रमाण मिळणे कठीण. १९६७ साली १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डांबराच्या सिगारेटींचा वाटा शंभरात दोनच होता. पुढील शतक उजाडेपर्यंत तो ऐंशीच्या वर गेला.

शास्त्रज्ञांना शंका येऊ लागली होती. १९८० साली लिन कोझलोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही छिद्रे ओढणाऱ्यांकडून झाकली जातात, हे दाखवून दिले. १९८३ साली सॅन फ्रान्सिस्कोचे नील बेनोविट्झ यांनी आणखी पुढे जाऊन यंत्राला बाजूस सारले आणि ओढणाऱ्यांच्या रक्ताची परीक्षा केली. निकोटीन शरीरात गेले की त्याचे कोटिनीन नावाचे द्रव्य बनते. कमी आकड्याची सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात ते कमी असावयास हवे होते. तसे ते नव्हते. पाकिटावरील आकडा एक सांगत होता, रक्त दुसरेच सांगत होते.

रक्त खोटे बोलत नाही. पण मनुष्याने सिगारेट बदलली ती कशासाठी, आणि त्यानंतर त्याने ती सोडली की नाही, हे रक्ताला ठाऊक नसते. ते माणसालाच विचारावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २००० साली हा प्रश्न आला. ज्यांनी आयुष्यात केव्हा तरी नियमित धूम्रपान केले होते अशा १२ हजारांहून अधिक लोकांची उत्तरे पिट्सबर्ग विद्यापीठातील डॉ. हिलरी टिंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. शंभरातील ३७ जणांनी प्रकृतीचा धोका कमी व्हावा म्हणून सौम्य सिगारेट वापरल्याचे सांगितले. अशा लोकांत सिगारेट सुटलेली असण्याचा संभव इतरांच्या मानाने निम्म्याच्या आसपास भरला. आणि वय जसजसे वाढत गेले, तसतसे हे अंतर अधिक रुंदावलेले दिसले. ज्या वयात छातीची धाप मनुष्याला शहाणपण शिकवू लागते, त्याच वयात ‘सौम्य’ या शब्दाचा पगडा अधिक घट्ट बसला होता.

त्यानंतर २००३ सालच्या पाहणीची पाळी. ज्या खात्याने १९५५ साली प्रथम प्रश्न विचारले, त्याच जनगणना खात्याची ही पाहणी. लोकांच्या रोजगाराची माहिती गोळा करणे हे तिचे मुख्य काम. परंतु १९९२ पासून अधूनमधून तिला तंबाखूची पुरवणी जोडली जाते. टिंडल यांच्या गटाने तिच्यातून सुमारे ३१ हजार लोक निवडले. सारे पाहणीच्या वर्षभर आधी सिगारेट ओढणारे होते. शंभरातील ३८ जणांनी केव्हा तरी अधिक हलक्या सिगारेटकडे वळल्याचे सांगितले. का वळलात, असे विचारता कोणी चव सांगितली, कोणी अपाय कमी होईल असे सांगितले. आणि वळलेल्यांपैकी शंभरातील ४३ जणांनी, सिगारेट सोडावयाची होती हे एक कारण असल्याचे सांगितले.

या ४३ टक्क्यांपाशी मी जरा थांबतो, कारण साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. ही बेफिकीर माणसे नव्हेत. घरच्यांचे ऐकणारी, स्वतःच्या खोकल्याकडे लक्ष देणारी, सोडण्याच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिलेली अशी ही माणसे. आकडेही तेच सांगतात: हलकीकडे वळलेल्यांनी गेल्या वर्षभरात सिगारेट सोडण्याचा प्रयत्न इतरांहून अधिक प्रमाणात केला होता. आणि तरीही प्रत्यक्षात सुटण्याचा संभव त्यांच्या बाबतीत इतरांपेक्षा कमी होता. सोडण्यासाठी वळलेल्यांतही तसेच. एकंदर वळलेल्यांत हा संभव संख्याशास्त्राच्या हिशेबाने सुमारे ४६ टक्क्यांनी घटलेला आढळला. २००९ साली हा निबंध ‘टोबॅको कंट्रोल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

येथे एखादा चिकित्सक श्रोता म्हणेल, गुरुजी, थांबा. ज्यांचे व्यसन मुळातच अधिक चिवट तेच हलकीकडे वळले असतील, आणि म्हणून त्यांची सुटली नसेल. यात सिगारेटचा काय दोष? आक्षेप रास्त आहे. मनुष्याच्या आठवणीवर विसंबणाऱ्या एका वेळच्या पाहणीतून कारण कोणते आणि कार्य कोणते, हे निर्विवादपणे वेगळे काढता येत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. परंतु आक्षेप सर्वस्वी मान्य केला, तरी एवढे तर उरतेच की, हलकी सिगारेट ही सोडण्याच्या जिन्याची पहिली पायरी आहे, या समजुतीला तीस हजार लोकांच्या उत्तरांत कोठेही आधार सापडला नाही. त्यातच २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका विशाल अभ्यासात, नऊ लाखांहून अधिक अमेरिकन स्त्रीपुरुषांच्या नोंदींवरून, मध्यम, कमी आणि अत्यल्प डांबराच्या सिगारेटी ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सारखाच आढळला होता. बिनफिल्टरच्या अधिक डांबराच्या सिगारेटचा तेवढा याहून अधिक. म्हणजे जो धोका टाळण्यासाठी माणसे वळली, तो टळत नव्हता; आणि वळणारी माणसे सुटत नव्हती.

अशा पाहण्या आपल्याकडेही झाल्या आहेत, आणि त्यांचे केंद्र महाराष्ट्रातच होते. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची पहिली राष्ट्रीय पाहणी २००९-१० साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली, तर दुसरी २०१६-१७ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने. दोन्ही संस्था देवनारच्या. दुसऱ्या पाहणीत ७४ हजारांहून अधिक लोकांस प्रश्न विचारण्यात आले. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्क्यांनी गेल्या वर्षभरात सोडण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले. मात्र आपला देश मुख्यत्वे विडीचा: प्रौढांत विडी ओढणारे ७.७ टक्के, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के. विडीच्या बंडलावर ‘सौम्य’ असे छापण्याची कोणाला गरजच पडली नाही. टेंभुर्णीचे पान, चिमूटभर जर्दा, यात अपाय तो काय, हा समज छापल्यावाचूनच गावोगाव पसरलेला आहे. वस्तुतः विडी विझू नये म्हणून तिला वरचेवर झुरके मारावे लागतात. यंत्राच्या त्या मिनिटास एक या प्रमाणाने ती पेटतीच राहणार नाही.

शेवटी ‘लाइट’ या शब्दावरच खटला चालला. वॉशिंग्टन येथील न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी १७ ऑगस्ट २००६ रोजी सोळाशेंहून अधिक पृष्ठांचा निकाल दिला. ओढणारा मनुष्य निकोटीनची भरपाई करून घेतो हे कंपन्यांना ठाऊक होते, आणि ते ठाऊक असता त्यांनी या सिगारेटी कमी अपायाच्या म्हणून खपविल्या, असे त्यांनी कंपन्यांच्याच अंतर्गत कागदपत्रांवरून ठरविले. अधिक शोचनीय गोष्ट ही की, लोकांनी सिगारेट सोडू नये हाच त्यामागील एक उद्देश होता, असाही त्यांचा निष्कर्ष आहे. पाहणीतून संभव म्हणून जे दिसत होते, त्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे विकणाऱ्याच्या मनातील हेतू, असा न्यायालयात उघडा पडला.

युरोपीय संघाने पाकिटावरील असले शब्द २००३ सालीच बंद केले होते. आपल्या देशात २००८ च्या नियमांनी ते निषिद्ध ठरले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फेडरल ट्रेड कमिशनने आपल्या यंत्राच्या आकड्यांमागील पाठबळ काढून घेतले, आणि २००९ च्या कायद्याने अमेरिकेतही ‘लाइट’, ‘माइल्ड’, ‘लो’ हे शब्द २२ जून २०१० पासून पाकिटांवरून उतरविण्यात आले.

शब्द गेले, पाकिटांचे रंग राहिले. ‘मार्लबरो लाइट्स’चे नाव ‘मार्लबरो गोल्ड’ झाले. कोणी रुपेरी झाले, कोणी निळे. फिल्टरची छिद्रे जेथल्या तेथेच राहिली. वर्षभराने, २०११ साली, तेथील धूम्रपान करणाऱ्यांना पुन्हा विचारण्यात आले: शब्द काढल्यानंतर आपली नेहमीची सिगारेट ओळखणे तुम्हांस कितपत सोपे जाते? शंभरातील ९२ जणांनी उत्तर दिले की, सहज ओळखता येते.